‘पहाडी लोक भोळे असतात’ : होमस्टेच्या चुलीपाशी कोण बसतं?

झाशीला बदली होऊन मला तीन वर्षं झाली. मी बँकेत अधिकारी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावच्या बौद्धवाड्यातून आले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. महाराष्ट्रात कुठेही गेले तरी माझं आडनाव माझ्याआधी तिथे पोचलेलं असतं. झाशीत मात्र उलटंच झालं. इथे ‘मी मराठी’ म्हटलं की समोरच्याचा आवाज मऊ होतो. ‘अच्छा, रानी साहिबा वाले!’ एवढं म्हणून तो थांबतो, पुढचं विचारत नाही.

कारण उघड आहे. मराठी माणूस झाशीत आला तो पेशव्यांच्या सुभेदारीबरोबर. इथल्या गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिका तांबे गंगाधरराव नेवाळकरांची राणी झाली. म्हणून शहराच्या समजुतीत मराठी म्हणजे पंडित. माझं आडनाव इथे कुणाला कळत नाही, आणि माझी भाषा ऐकून लोक मला परस्पर ब्राह्मण करून टाकतात. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. ती गंमत कुलू जिल्ह्यातल्या एका गावात संपली.

ऑफिसातले आम्ही पाच जण ट्रेकला गेलो होतो. झाशीहून गाडीनं चंदीगड, पुढे बस, आणि रस्ता संपल्यावर तीन तासांची चढण. आमच्या दोन मोठ्या बॅगा वाहायला खालच्या वस्तीतला एक पोरगा घेतला होता. विशीतला असेल. तो आमच्या पुढे चालायचा आणि वळणावर थांबून आमची वाट बघायचा. संध्याकाळी वरच्या गावात पोचलो. लाकूड आणि दगडाचं जुनं घर, मधल्या खोलीत पेटलेला तंदूर, गरम सिड्डू आणि त्यावर तूप. घरातल्या बाई खरंच मायाळू होत्या. माझे ओले मोजे त्यांनी स्वतः वाळत घातले.

जेवण वाढता वाढता त्यांनी विचारलं, ‘आप लोग क्या होते हैं?’ चौघांनी आपापली आडनावं सांगितली. माझी पाळी येण्याआधीच एक सहकारी हसत म्हणाला, ‘ये तो मराठी हैं, झाँसी की रानी के घर की!’ सगळे हसले. बाईंनी मला तंदूरच्या आणखी जवळ सरकायला सांगितलं. मी सरकले. एक शब्द बोलले नाही.

थोड्या वेळानं हात धुवायला बाहेर आले. बॅगा वाहणारा पोरगा पडवीच्या खाली, उघड्यावर, उकिडवा बसून जेवत होता. बाहेर चांगलीच थंडी होती. जेवण झाल्यावर त्यानं आपली थाळी स्वतः घासली आणि भिंतीतल्या एका कोनाड्यात पालथी घातली. घरातली बाकीची भांडी आत होती.

तो कोनाडा मी लगेच ओळखला. आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर माझ्या आजीची कपबशी अशाच कोनाड्यात असायची. चहा प्यायचा, कपबशी धुवायची, परत तिथेच ठेवायची. हिंगोली आणि कुलू यांच्यात दीडेक हजार किलोमीटर अंतर आहे. भाषा वेगळी, देव वेगळे, घरं वेगळी, आणि कोनाडा तोच. फरक एवढाच की या वेळी मी आतून बाहेर आले होते आणि आमच्यातलाच एक पोरगा बाहेर होता.

त्या रात्री मला मसूर स्टेशन आठवत राहिलं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालची हकीकत सांगितली आहे. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुलं मसूरला उतरतात. अंगावर नवे कपडे, म्हणून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणाची पोरं समजतो आणि आपुलकीनं चौकशी करतो. जात विचारल्यावर लहानगा भीम क्षणाचाही विचार न करता खरं सांगून टाकतो. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, तो मागे सरकतो. मग गाडीवान मिळत नाही, प्यायला पाणी मिळत नाही. पुढे १९१७ मध्ये, परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीवर आलेल्या त्याच माणसाला पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. बडोद्यात त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं, दुसरी जागाच नव्हती. मी सुट्टीवर होते. मसूरला नऊ-दहा वर्षांच्या पोरानं जे सांगितलं, ते मला एकोणतिसाव्या वर्षी, पगार खात्यात जमा असताना सांगता आलं नाही.

माझ्या गप्प बसण्याचा दोष मी माझ्याकडेच घेते. पण ज्या प्रश्नानं मला गप्प केलं, त्या प्रश्नाबद्दल आपले ट्रेकर मित्र चकार शब्द काढत नाहीत. त्यांच्या प्रवासवर्णनांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘पहाडी लोक भोळे असतात, तिथे जातपात नसते.’ २०११ च्या जनगणनेत हिमाचलमध्ये अनुसूचित जातींचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर आहे. दर चार माणसांतला एक. मग तुमच्या दहा दिवसांच्या ट्रेकमध्ये तो चौथा माणूस तुम्हाला कुठे भेटला? चुलीपाशी भेटला, की तुमच्या बॅगेखाली?

शेजारच्या उत्तराखंडातला भोळेपणाही पाहू. १९८० साली अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावात दलित वरात निघाली. नवरदेव डोलीतून उतरला नाही, एवढ्यावरून चौदा जणांना मारून टाकलं. २०१६ मध्ये बागेश्वर जिल्ह्यात पिठाची गिरणी बाटवली म्हणून एका दलिताचा खून झाला. २०१९ मध्ये टिहरीत एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. २०२१ मध्ये चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईनं रांधलेलं अन्न सवर्ण मुलांनी नाकारलं. गिरणी, लग्नाची पंगत, शाळेची खिचडी. यातली तीन प्रकरणं पीठ आणि अन्न यावरूनच झाली, आणि ‘घरगुती जेवण’ हेच तर होमस्टेचं सगळ्यात मोठं आकर्षण.

मलाणा गावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिथे बाहेरच्या कुणीही माणसांना किंवा देवळाला शिवायचं नाही, शिवलं तर दंड. आपले सवर्ण ट्रेकर तिथून आले की मोठ्या कौतुकानं सांगतात, ‘आम्हाला अस्पृश्य केलं हो!’ दुकानदारानं सामान हातात न देता खाली ठेवलं, याचा फोटोही दाखवतात. एका दुपारची अस्पृश्यता त्यांच्यासाठी आठवण होते, कारण संध्याकाळी ती उतरवून ठेवता येते.

मराठी प्रवासाला हे नवं नाही. ‘माझा प्रवास’ हे आपल्याकडचं नावाजलेलं प्रवासवर्णन. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेला निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचे हाल झाले, कमाई लुटली गेली, जीव कसाबसा वाचला, यात शंका नाही. पण जिथे जावं तिथे आसरा आणि पंगत मिळण्याची आशा त्यांना धरता येत होती, कारण त्यांची जात हेच त्यांचं ओळखपत्र होतं. त्याच झाशीजवळच्या भोजला गावची झलकारीबाई, कोरी समाजाची. तिचं टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडलं. त्या रात्री तंदूरपाशी मी जो पास वापरला, तो गोडसे भटजींचा होता. माझ्या आजीकडे तसला पास कधीच नव्हता.

आता नेहमीचा आक्षेप : ‘घर त्यांचं, चूल त्यांची, कुणाला आत घ्यायचं ते ठरवतील.’ घर त्यांचं आहे, हे खरं. पण पाहुण्याकडून रात्रीचं भाडं घेतलं, सरकारी योजनेत नोंदणी केली, कुठे कुठे अनुदानही घेतलं, की तो धंदा होतो. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये ‘हॉटेल’ या शब्दाच्या व्याख्येत बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊस दोन्ही येतात. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत जातीवरून अडवायला मनाई करतं. पैसे घेताना व्यावसायिक आणि वाढताना सोवळं, असं दोन्ही चालणार नाही. होमस्टेच्या नोंदणीतच ‘पाहुण्याला व त्याच्यासोबतच्या कामगाराला जात विचारणार नाही, एकाच जागी वाढेन’ अशी अट हवी, आणि ती मोडली तर नोंदणी रद्द व्हायला हवी.

दुसरा आक्षेप सह्याद्रीतून येतो. ‘आम्ही हरिश्चंद्रगडाखाली पाचनईला महादेव कोळ्यांच्या घरी पिठलं-भाकरी खातो, आम्ही कुठे जात मानतो?’ खाता, चांगलं करता. पण त्या घरातली मुलगी बारावीनंतर पुण्यात खोली शोधायला तुमच्या सोसायटीत आली, तर तिला आडनाव न विचारता खोली द्याल का? आपल्यापैकी किती जणांनी पुण्यात ‘आधीच दिली हो’ हे उत्तर ऐकलंय, ते मोजायला एका हाताची बोटं पुरणार नाहीत. पाहुणा होऊन जात विसरणं सोपं असतं. यजमान झाल्यावर ती आठवते.

आणि आपल्याच घरातला आक्षेप : ‘आपल्याला कुठे परवडतात हे डोंगर? आधी भावाची फी, घराचा हप्ता.’ मीही हेच म्हणायचे. पण आपले आईबाप रस्त्याच्या, धरणाच्या, ऊसतोडीच्या कामाला देशभर चालले, तेव्हा त्याला कुणी ट्रेक म्हटलं नाही. स्वतःच्या पैशानं, बिनकामाचं, नुसतं बघायला म्हणून चालायचा हक्क आपल्या पिढीला पहिल्यांदा मिळतोय. तो सोडू नका. मात्र माझ्यासारखा वापरू नका.

दुसऱ्या दिवशी निघताना मी पाहुण्यांच्या वहीत पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. मनात आलं, चला, फेडलं. उतरताना लक्षात आलं की त्या आडनावाचा अर्थ तिथे कुणालाच कळणार नाही. जिथे आडनाव मुकं असतं, तिथे तोंडानं सांगावं लागतं. तो पोरगा पुढच्या वळणावर बॅगा घेऊन थांबला होता. त्यालाही मी काही सांगितलं नाही.

या ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहे. या वेळी फोनवरच सांगितलं : मी अनुसूचित जातीची आहे, बौद्ध आहे, आणि माझी बॅग उचलणारा माझ्याशेजारी बसून जेवेल. पहिला माणूस म्हणाला, ‘मैडम, पूछ के बताता हूँ.’ त्याचा फोन आला नाही. दुसऱ्यानं फक्त किती जण येणार तेवढं विचारलं. मी सांगितलं, दोन. एक मी आणि एक बॅग उचलणारा.

जय भीम.