ठेवीदाराचाच अपराध?

बँकेच्या नावाने फोनवरून होणाऱ्या फसवणुकीचा विषय निघाला की सुशिक्षितांचा ठरलेला शेरा ऐकू येतो : ‘ओटीपी सांगितलाच कशाला?’ लालबागच्या एखाद्या चाळीत भरदुपारी वाजणारा तो फोन या मंडळींनी एकदा उचलून पाहावा. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, बँकेचे नाव सांगतो आणि केवायसी अपुरे असल्यामुळे संध्याकाळपर्यंत खाते बंद पडेल, असे बजावतो. ज्या खात्यात नवऱ्याच्या पेन्शनची शिल्लक आहे, पुनर्विकासाला गेलेल्या खोलीचे भाडे जमा होत आहे, ते बंद पडणार या कल्पनेनेच म्हाताऱ्या बाईचे हातपाय गळतात. चोराचे भांडवल ही धास्तीच होय. शेजारच्या मुलाला हाक मारण्याइतकीही उसंत त्याला द्यायची नसते.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँक सामान्य माणसाच्या दारी येईल असे सांगितले गेले आणि काही अंशी ती आलीही. परळ-गिरगावच्या शाखेतला कारकून खातेदाराला चेहऱ्याने ओळखू लागला. पुढे त्याच खातेदाराला खिडकीपासून हटवून मोबाइलकडे वळवण्यात आले. मनुष्यबळाची बचत बँकेची, जोखीम मात्र त्याची!

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ही वाटणी उघड दिसते. बँक व ग्राहक दोघेही निर्दोष असताना तिऱ्हाइताने पैसे लांबवले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार नाही. परंतु गुप्त तपशील त्याने स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे, पण ते खातेदाराला समजावून सांगण्याची निकड कोणाला? धाकाने आणि कपटाने काढून घेतलेल्या आकड्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणणे हा कोणता न्याय?

तो न्याय मिळेपर्यंत सावध राहणे भागच आहे. फोन तोडण्यात असभ्यपणा नाही. तोडावा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा किंवा सरळ शाखेत जावे. ओटीपी वा पिन मागणारा बँकेचा माणूस नव्हेच. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. अनोळखी माणूस सांगतो म्हणून ॲप उतरवले, तर आपल्या फोनचा पडदा त्याच्यापुढे उघडा पडू शकतो. (त्या टोकाचा आवाज नेहमी सुखवस्तू भामट्याचाच असतो असेही नाही. नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियात नेऊन कोंडलेल्या भारतीय तरुणांनाही हा धंदा करायला लावले गेले आहे.)

पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर आणि बँकेकडे तक्रार नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते. वाटेत ती गोठवता आली तर लवकरच येते. लाजेपोटी मुलापासून लपवण्यात गेलेली रात्र चोराच्याच पथ्यावर पडते.

वृद्ध खातेदाराची मोठी रक्कम प्रथमच एखाद्या अनोळखी खात्यात निघाली, तर ती काही तास थोपवून शाखेने विचारपूस करावी, ही मागणी आता झाली पाहिजे. विचारपूस करायला माणसे लागतात. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी नोकरभरतीच्या मागणीशी ती जोडली, तर खिडकीच्या दोन्ही बाजूंची माणसे एका रांगेत उभी राहतील.