बाई, तुमचं वय काय?



गेल्या महिन्यात चिंचवडहून एक पत्र आलं. वहीची दोन पानं, निळी शाई, अक्षर अगदी टपोरं. पत्र लिहिणाऱ्या बाई बासष्ट वर्षांच्या. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं होतं, "बाई, तुमचं वय काय? सासू-सुनांनी कसं वागावं, मुलांना कसं वाढवावं, हे तुम्ही दर आठवड्याला लिहिता. तुम्हाला सून आली आहे का? नसेल, तर आम्ही तुमचं का ऐकावं?"

खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. पत्र डब्याखाली सारून मी कणीक मळायला घेतली. पण पोळ्या होईपर्यंत राग निवला आणि मनात आलं, त्यांचं चुकलं काय? सल्ला देणारीचं वय आपण सगळ्याच जोखतो. शाळेत मी नवीन लागले तेव्हा पालक आधी माझ्याकडे, मग माझ्या मंगळसूत्राकडे बघत आणि नंतर मुलाच्या शुद्धलेखनाचं विचारत. कोवळी दिसणारी बाई मुलांना काय शिकवणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे.

तर आधी उत्तर देऊन टाकते. माझं वय छत्तीस. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा दुसरीत. शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. सून यायला अजून बराच अवकाश आहे. आता प्रश्न राहिला तो दुसरा: मग माझं का ऐकावं? त्यासाठी घरातलीच एक गोष्ट सांगते. आजवर कुठे लिहिली नव्हती.

लेक चार महिन्यांची होती तेव्हाची. उन्हाळ्याचे दिवस. गावाहून आमच्या मावससासूबाई मुद्दाम बाळंतिणीसाठी येऊन राहिल्या होत्या. पाच मुलांच्या आई, दहा-बारा नातवंडांच्या आजी. सकाळी न्हाणं झालं की सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या, वर मधाचं बोट. एक दिवस दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. असतील बावीस-तेवीसच्या. बाळाचं वजन केलं, सहाण पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. आणि मध तर वर्ष होईपर्यंत मुळीच द्यायचा नाही."

मावससासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरी, तुझं लग्न तरी झालंय का गं? आम्ही पाच वाढवली ती काय पुस्तकं वाचून?" नर्सबाई नुसत्या हसल्या, कार्डावर नोंद करून गेल्या. आणि मी? बी. ए. झालेली, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी मी गप्प बसले. बावीस विरुद्ध अडुसष्ट, असा हिशेब मी मनात मांडला आणि अडुसष्टच्या बाजूने कौल दिला.

पाचव्या दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत टाळू खोल गेली, रडायचंही त्राण उरलं नाही. रिक्षाने दवाखाना गाठला. दोन रात्री सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, "वरचं काय देत होतात?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. सहाणेतून, चमच्यातून जंतू गेले असावेत, असं ते म्हणाले. एवढ्या लहान बाळाचं आतडं कच्चं असतं. मधातले विशिष्ट जंतू तर क्वचित का होईना, बाळाला लुळं पाडणारा आजार करू शकतात, म्हणून तो वर्षाच्या आत वर्ज्य. हे सगळं नर्सबाई सांगायला तयार होत्या. मीच विचारलं नाही, कारण त्यांचं वय माझ्या मनात भरलं नव्हतं.

आता वाटेल, चला, म्हाताऱ्या माणसांचं ऐकू नये असा याचा अर्थ. थांबा, गोष्ट पुरी झाली नाही.

बाळ घरी आलं, बाळसं धरू लागलं. पण मी मात्र खंगत चालले. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, कारण नसताना रडू, बाळाला घ्यावंसंही वाटेना. आमचे हे म्हणायचे, "आता तर सगळं ठीक आहे, मग रडतेस कशाला?" माझी आई म्हणाली, "अशक्तपणा आहे, लाडू खा." नर्सबाई आल्या, बाळाचं वजन करून समाधानाने गेल्या. ओळखलं कोणी? त्याच मावससासूबाईंनी. एका पहाटे त्यांनी माझ्या नवऱ्याला उठवलं आणि म्हणाल्या, "हिला आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे ने. आमच्या गावात एक बाळंतीण अशीच रडायची. सगळे म्हणाले, होईल बरी. एक दिवस ती विहिरीवर गेली ती परत आली नाही." त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बाळंतपणानंतरची अशी खिन्नता हा आजार असतो आणि त्याला उपचार असतो, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं; पण मला त्यांच्या दारापर्यंत नेलं ते त्या अडुसष्ट वर्षांनी.

एकच बाई मधाच्या बाबतीत चुकली आणि माझ्या बाबतीत अचूक ठरली. वय तर दोन्ही वेळा तेच होतं! मग फरक कशात पडला? मधाचं त्या बोलत होत्या ते "आमच्याकडे पूर्वीपासून देतात" म्हणून. त्या बाळंतिणीचं बोलत होत्या ते स्वतः पाहिलेलं, लक्षात ठेवलेलं. मैत्रिणींनो, मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे.

चिंचवडच्या बाईंचं पत्र पर्समध्ये ठेवून मी परवा सासूबाईंना आणि लेकीला घेऊन आळंदीला गेले. आमच्या पिंपरीहून आळंदी काही लांब नाही. समाधीचं दर्शन झालं, मग लेकीला ती प्रसिद्ध भिंत दाखवली आणि चांगदेवांची कथा सांगितली. चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षं जगलेले योगी, अशी आख्यायिका. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने ते मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर पोर वयाचे. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून धाकटी मुक्ताबाई म्हणाली म्हणे, की एवढी वर्षं जगून हे कोरेच राहिले. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. आणि पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला.

"आई, मुक्ताबाई केवढी होती गं?" लेकीने विचारलं. परंपरेने सांगतात त्या सालांप्रमाणे हिशेब केला. ज्ञानेश्वरी पुरी झाली 1290 साली. तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे आणि मुक्ताबाई अकराच्या आसपास. "म्हणजे माझ्याएवढी!" लेक म्हणाली. सासूबाई हसून म्हणाल्या, "हो, पण तिने आधी भावांचं ऐकलं होतं हो!" तेही खरंच.

वय कोवळं असूनही ज्यांचा शब्द टिकला, अशा आपल्याकडे थोड्या नाहीत. सावित्रीबाई फुले 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आणि जोतीरावांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे चौदा-एक वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती जे लिहीत होती ते तिने भोगलेलं होतं. पन्नाशीच्या पंडिताला ते ठाऊक नव्हतं.

आता उलट बाजू पाहा. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली निघालं तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. त्यांचं पुस्तक घरोघरी गेलं, ते त्या वयस्क होत्या म्हणून का? मला नाही वाटत. माझ्या आईकडे पिवळ्या पडलेल्या पानांची 'रुचिरा' आहे. तिने कमलाबाईंचं वय कधी विचारलं नाही. तिने पुस्तकात दिलेल्या वाटी-चमच्याच्या मापाने चकली केली, ती बिघडली नाही, आणि त्या दिवसापासून विश्वास बसला. "अंदाजाने घाला" असं म्हणणाऱ्या सुगरणीकडून शिकणं किती अवघड असतं, हे नव्या नवरीला विचारा!

अगदी अलीकडचं उदाहरण सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं हे गाव. 2020 साली, वयाच्या सत्तरीत, त्या नातवाच्या सांगण्यावरून मोबाईलसमोर रांधायला उभ्या राहिल्या आणि लाखो लोक 'आपली आजी' म्हणून त्यांचे पदार्थ पाहू लागले. आजी दिसली की माणसं थांबतात, कौतुकाने पाहतात, हे वयाचं देणं. पण तो मोबाईल हाताळला कोणी? सतरा वर्षांच्या नातवाने. म्हणजे चव आजीची आणि तंत्र नातवाचं. दोघांनी एकमेकांचं वय मध्ये येऊ दिलं नाही.

वयाने माणूस ऐकायला बसतो, एवढं वयाचं काम नक्कीच आहे. तरुण बाईचं लिखाण आपण "काय म्हणतेय बघू" म्हणून वाचतो, वडीलधारीचं "ऐकलं पाहिजे" म्हणून वाचतो. पण वाचून झाल्यावर ते आपल्या घरात आणायचं की नाही, हे ठरवताना वय बाजूला ठेवावं आणि तीन प्रश्न विचारावेत. मी तरी आता विचारते.

पहिला: हे तुम्हाला कसं कळलं? स्वतः पाहिलं, शिकलात, की "सगळे म्हणतात"? सगळे म्हणतात ते खोटंच असतं असं नाही, पण ते वेगळं तपासून घ्यावं.

दुसरा: माप काय? किती, कधी, आणि कोणाला देऊ नये? जुलाबावरच्या जलसंजीवनीचंच घ्या. पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अख्खं पाकीट. अर्धं पाकीट आणि अंदाजाने पाणी असं करायचं नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी मापाने पाजून कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, माझ्याच वयाचे. लोक जगले म्हणून जगाने त्यांचं ऐकलं.

तिसरा: चूक झाली तर कबूल करता का? आमच्या नर्सबाई बाळ घरी आल्यावर पुन्हा आल्या. "मी सांगितलं होतं ना" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आणि मावससासूबाईंनी त्या दिवशी सहाण धुऊन, पुसून माळ्यावर ठेवून दिली. बोलल्या काही नाहीत, पण नंतरच्या कुठल्याही नातवंडाला त्यांनी मधाचं बोट लावलं नाही. दोघींवरही माझा विश्वास बसला तो तेव्हा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. विषय बघून माणूस धरावं. तान्ह्या बाळाचं औषधपाणी असेल तर डॉक्टर नि नर्सबाई, मग त्या बावीसच्या असोत. मोबाईल नि बँकेचं काम असेल तर घरातली कॉलेजची पोर. मागे सासूबाईंना "आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा" असा संदेश आला, तेव्हा पुतणीने हातातला फोन काढून घेतला म्हणून पैसे वाचले. पण माणसं कशी तुटतात आणि कशी पुन्हा जोडली जातात, मुलीच्या सासरी पडतं कधी घ्यावं आणि ठाम कधी राहावं, याला वर्षंच लागतात. तिथे पांढऱ्या केसांना विचारावं.

म्हणूनच चिंचवडच्या बाई, तुमच्या पत्राला माझं उत्तर असं. मुलांच्या अभ्यासाचं, महिन्याच्या खर्चाचं मी लिहीन ते रोज करतेय त्याच्या जोरावर. ते करून पाहा आणि मगच माना. पण सासू-सुनेचं मी जे लिहिलं, ते सुनेच्या बाजूने पाहिलेलं. सासू होऊन घराकडे कसं दिसतं, ते मला माहीत नाही. "सासूने सुनेच्या कपाटात लक्ष घालू नये" असं मी मागे फटकन लिहून गेले. तुमच्या घरी त्यामागे काय घडलं असेल, याचा विचारही केला नाही. तेवढं माझं अर्धवट होतं, आणि ते मी इथे कबूल करते.

ती उरलेली बाजू तुम्ही लिहा. नुसती "आमच्या वेळी असं नव्हतं" अशी नको बरं का! काय घडलं, तुम्ही काय केलंत, काय चुकलं, काय साधलं, असं मापानिशी लिहा. तुमचं नाव न देता याच जागी ते पत्र छापू. बाकीच्या मैत्रिणींनीही कळवावं, तुम्ही कोणाचं ऐकून पस्तावलात आणि कोणाचं न ऐकून.

आणि हो, पत्राच्या शेवटी वय जरूर घाला. मायना काय लिहायचा, तेवढ्यापुरतं ते लागेलच ना!