गाडी माहेरी आली, पण परकी ठरली

पुणे-नगर रस्त्यानं रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला गेला असाल, तर तिथली एमआयडीसी तुम्ही बघितली असेलच. तिथे फियाट आणि टाटा यांचा भागीदारीतला कारखाना आहे. २०१७ साली बाजारात आलेल्या जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन या दोन्ही गाड्या याच कारखान्यात बनू लागल्या. कंपास तर इथून जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनपर्यंत गेली. म्हणजे रांजणगावची गाडी टोकियोच्या रस्त्यावर दिमाखात फिरू शकते. पण तीच गाडी कुणी बंगळूरूत नवी घेतली, पाचसहा वर्षं चालवली आणि मग रांजणगावच्याच माणसानं ती सेकंडहँड घेऊन घरी आणली, की ती 'परराज्यातली' ठरते. सासर सुटलं, आणि माहेरचे ओळख दाखवायला तयार नाहीत!

हे उदाहरण हवेतलं नाही. माझा एक मावसभाऊ रांजणगावातच सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं बंगळूरूची एक नेक्सॉन बघून ठेवलीय. बंगळूरूत आमच्यासारखे आयटीवाले परदेशी जाताना घाईनं गाड्या विकतात. दिल्लीकडच्या गाड्या वेगळ्या कारणानं स्वस्त झाल्या. हरित लवादाच्या २०१४-१५ मधल्या आदेशांनी तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते आदेश उचलून धरले. २०२५ मध्ये त्यात बदल झाले, पण तोवर कितीतरी गाड्या दुसऱ्या राज्यांत निघून गेल्या होत्या.

तर अशी गाडी आणायची म्हणजे काय करायचं? यादी देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. आधीचं कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय पुढे सरकू नका. थकलेली ई-चलानंही विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.
२. जुन्या आरटीओकडून ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४८. अर्जानंतर तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर दाखला दिला असं समजावं, असं कायद्यातच लिहिलंय. हे फार थोड्यांना माहीत असतं.
३. आपल्या आरटीओत मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७.
४. गाडी दाखवणं, चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, कर, नवा नंबर, नवी पाटी.
५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

'बारा महिने चालतं रे, कोण विचारतंय!' असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. तो सांगतो ते कलम ४७. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नवा नंबर घ्या, असं ते म्हणतं. बदली होऊन आपलीच गाडी घेऊन आलेल्याला याचा आधार आहे. पण विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होतं, आणि तिथे मालकी बदलल्याचं कळवायला मुदत फक्त तीस दिवसांची आहे.

'कोण विचारतंय'चं उत्तर अपघात झाल्यावर मिळतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याची. म्हणजे गाडी शिक्रापूरच्या चौकात ठोकली, तर नोटीस बंगळूरूच्या त्या माणसाला, जो आता कदाचित डॅलसला असेल. म्हणून विकणाऱ्यानंही 'पैसे मिळाले, विषय संपला' असं म्हणू नये.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. चोरीची गाडी आहे का, कर्ज आहे का, हे बघायलाच हवं. माझी तक्रार कराबद्दल आहे.

आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात १४ टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार रुपये कर आजन्म म्हणून आधीच घेतलेला असतो, वर उपकर वेगळा. महाराष्ट्रात तशाच नव्या गाडीला ११ टक्के. जुनी गाडी आणली तर वयाप्रमाणे कमी होऊन, पण पुन्हा एकरकमी भरायचा. कर्नाटकाकडून उरलेल्या वर्षांचा परतावा? तो मागता येतो. पण त्यासाठी आधी इथे कर भरून नवा नंबर घ्यायचा, मग तो पुरावा घेऊन जुन्या आरटीओकडे जायचं. रांजणगावच्या सुपरवायझरनं एका परताव्यासाठी बंगळूरूला किती रजा टाकायच्या? बहुतेक लोक तो नाद सोडून देतात. म्हणजे एकाच गाडीच्या त्याच वर्षांचा कर दोन राज्यांकडे जातो.

याचं मूळ घटनेत आहे. वाहनांवरचा कर हा राज्यांचा विषय आहे, २०१७ साली जीएसटी आला तरी तो वेगळाच राहिला. राज्यांना उत्पन्न हवं हे मान्य. पण एकरकमी करामुळे पळवाटाही निघतात. केरळातल्या काही बड्या लोकांनी महागड्या गाड्या कमी कराच्या पुदुच्चेरीत नोंदवल्याचं प्रकरण २०१७ मध्ये गाजलं होतंच. श्रीमंताला पळवाट आणि सुपरवायझरला दुहेरी कर, असा हा हिशोब.

आता आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये प्रायमरी की बदलायची नसते. गाडीची खरी की म्हणजे चासी नंबर, आणि तो कधीच बदलत नाही. 'वाहन' हा डेटाबेसही देशभराचा आहे. मग केए चं एमएच करण्यात आपण नेमकं काय मिळवतो? मोबाइलचं बघा. ३ जुलै २०१५ पासून पुण्याचा नंबर देशात कुठेही, कुठल्याही कंपनीत नेता येतो. जर्मनीत १ जानेवारी २०१५ पासून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलं तरी गाडीची पाटी तीच ठेवता येते.

आणि आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आहे. नंबर देशभर चालतो, कर दोन-दोन वर्षांचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या नंबरची जुनी गाडीही त्यात नेता येते. फक्त माणूस पात्र हवा: सैन्यात, सरकारी नोकरीत, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत. मावसभाऊ मला म्हणाला, "तुला मिळतो, मला का नाही? कर तर मी पण भरणारच आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कंपनीची कार्यालयं पाच-सहा राज्यांत आहेत, त्याचा कारखाना एकाच प्लॉटवर. शिरूरचा शेतकरी, दुकानदार, कंत्राटी कामगार, सगळे याच कारणानं बाहेर. ज्यांना पैशाची सगळ्यात कमी चणचण, त्यांनाच ही सोय.

माझं म्हणणं साधं आहे. बीएच सगळ्यांना खुलं करा. नंबर गाडीला एकदाच द्या, आणि कर दोन-दोन वर्षांचा, मालक राहतो त्या राज्याला. म्हणजे परतावा मागायची वेळ येणार नाही, पुदुच्चेरीचा पत्ता घेण्यात फायदा उरणार नाही, आणि राज्याचंही उत्पन्न बुडणार नाही. पटत नसेल तर वाद घाला, पण आपल्यातल्या ज्यांना बीएच मिळतो त्यांनी तरी हे बोललं पाहिजे. आपलं काम झालं म्हणून आपण गप्प बसलो, तर बाकीच्यांसाठी विचारणार कोण?