भोपळ्यांची सांगड



गेल्या महिन्यात इथे परदेशातल्या आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत म्हातारीची गोष्ट सांगत होते. तीच, लेकीकडे जाऊन चांगली गुबगुबीत होते आणि वाघोबा-कोल्होबाला चकवायला भोपळ्यात बसून परत येते ती. गोष्ट रंगात आली होती, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आठ वर्षांच्या एका गृहस्थांनी हात वर केला. "पण भोपळा आतून ओला असतो ना? तिची साडी खराब नाही झाली?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अनुभवातून आला होता. त्याला माहीत असलेला भोपळा हॅलोविनचा. ऑक्टोबरात आपण सगळेच तो दारात कोरत बसतो, चमच्याने गर आणि बिया ओरबाडतो, कोपरापर्यंत हात चिकट होतात. असल्या भोपळ्यात शहाणी म्हातारी कशाला बसेल?

माझ्या आजीने हीच गोष्ट मला उंब्रजला सांगितली तेव्हा मला असली शंका आली नव्हती. साताऱ्याहून कराडला जाताना हायवेवर, तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते तिथलं आमचं हे गाव. तिथे पोरांना पोहायला शिकवायचं तर पाठीला वाळका भोपळा बांधून पाण्यात ढकलत. असे दोन भोपळे दोरीने जोडले की झाली सांगड. नदीला पाणी असताना अशाच सांगडीच्या आधाराने लोक पैलतीराला जात. आपण मराठीत कशाची ना कशाची रोज 'सांगड घालत' असतो, ती मुळात ही. आमच्या घरच्या माळ्यावरही असा एक भोपळा पडलेला होता. टिचकी मारली की आतून घुमायचा. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "आगं, वाळला की आतनं रिकामाच असतोय त्यो, म्हणून तर म्हातारी मावती."

म्हणजे गोष्टीतली जादू भोपळा चालतो एवढीच. बाकी सगळं गावातल्या प्रत्येकाने हाताळलेलं. इथे आपण मुलांना गोष्ट देतो, पण तिच्यातली वस्तू कस्टममध्येच अडकते. मग वाकळ, घोंगडी, उखळ, सूप, परडी ही सगळी परग्रहावरची नावं होतात आणि मूल राक्षसावर विश्वास ठेवतं, पण सुपावर नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की मंडळाच्या वाचनालयाच्या दोन कपाटांत भर घालायची आहे आणि समितीने तुमच्याकडून मुलांच्या आवडत्या पुस्तकांची नावं मागवली होती. नावं भरपूर आली, आभार. त्यातली बरीच 'संस्कारकथा' आणि 'बोधकथा' या जातीची निघाली. मंडळाच्या या अंकाची संपादक म्हणून मला मिळालेला एकमेव अधिकार वापरून ती मी बाजूला ठेवली आहेत. शेवटच्या ओळीत तात्पर्य सांगणारी गोष्ट मुलं आईवडिलांना खूश करण्यासाठी वाचतात. ज्यांना राग आला असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी पत्र पाठवावं, छापू. आपली यादी दोन प्रकारच्या पुस्तकांची आहे: अद्भुत गोष्टींची आणि हाताने वस्तू करायच्या पुस्तकांची. ही पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत न ठेवता एकाच फळीवर ठेवावीत, असं माझं म्हणणं आहे.

या फळीवर पहिला मान सरोजिनी बाबर यांचा. जन्म १९२०, गाव बागणी, तालुका वाळवा. सांगलीकर त्यांना आपल्या म्हणतात, पण त्यांच्या जन्माच्या वेळी वाळवा तालुका साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. तेव्हा आम्हा सातारकरांचाही थोडा हक्क लागतो. बाई विधानसभेत होत्या, राज्यसभेत होत्या, पण जन्मभराचं काम म्हणजे बायाबापड्यांच्या तोंडचं गोळा करणं: ओव्या, उखाणे, कहाण्या, म्हणी. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीसाठी त्यांनी संपादित केलेल्या पुस्तकांची नावं नुसती पाहा: 'एक होता राजा', 'साजशिणगार', 'रांगोळी', 'कारागिरी'. राजाच्या गोष्टी आणि कारागिराचं काम एकाच मालेत, एकाच बाईच्या हातून. ज्या बाईने गोष्ट सांगितली तिनेच अंगणात रांगोळी घातली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही पुस्तकं आता सहज मिळत नाहीत. माझ्याकडची प्रत पिवळी पडली आहे, पाठीचा डिंक सुटला आहे. भारतात जाणाऱ्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नजर ठेवावी ही विनंती. मुलांच्या हातात ती थेट देऊ नका, भाषा जड जाईल. तुम्ही वाचा आणि सांगा.

आमच्याकडे लोकसाहित्याची ही ओढ हवेतच असावी. उंब्रज ज्या कराड तालुक्यात आहे, त्या कराडला १९७५ मध्ये साहित्य संमेलन झालं, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष आणि दुर्गा भागवत अध्यक्ष. आणीबाणीविरुद्ध दुर्गाबाई तिथे उभ्या राहिल्या हे सगळ्यांना आठवतं. 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहिणाऱ्या, राक्षस-परीच्या गोष्टी गंभीरपणे वाचणाऱ्या विदुषी त्या होत्या, हे जरा कमी आठवतं.

आता भोपळ्याकडे परत. ज्यांना मुलांना तो खरोखर दाखवायचा आहे त्यांनी पुढच्या भारतभेटीत मिरजेला जावं. तिथल्या शिकलगारांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सतार-तंबोरे घडतात. मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा, राजांची युद्धं संपली तसे हात वाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठचे. वाळलेला भोपळा भिजवायचा, कापायचा, आतलं खरवडून काढायचं, वर तुनाच्या लाकडाची दांडी जोडायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हातारीला पोटात घेणारा हाच भोपळा गाणाऱ्याला सूर देतो, हे मुलांना तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून कळू दे. बाकी समजावत बसू नये.

हातकामाचं एक पुस्तक मोठ्यांसाठीही सुचवते: त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ चं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग, कोण काय घडवी आणि त्या बदल्यात खळ्यावरून किती धान्य नेई, याचा इतका तपशील दुसरीकडे सापडायचा नाही. मात्र गावाच्या आठवणींनी गहिवरून ते वाचू नका. ज्या हातांनी दोर वळला, केरसुणी बांधली, त्यांना त्याच गावात कुठे उभं राहू दिलं जाई, हेही त्यातून दिसतं. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. इथल्या मुलांना केरसुणी म्हणजे चेटकिणीचं विमान. दोन्ही सांगावं, आणि ती शिंदीच्या पानांची कोण बांधायचं हेही सांगावं.

चेटकिणीवरून आठवलं. रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नाटकं आपल्या कपाटात असलीच पाहिजेत. दिलीप प्रभावळकरांनी केलेली चिंची चेटकीण पाहिलेले काही आजोबा आपल्या मंडळात आहेत, आणि अजून त्यांना तो आवाज काढता येतो. गणेशोत्सवात आपल्या मुलांनी चेटकिणीचा एक छोटा प्रवेश केला तेव्हा नाक बाजारातून आणायचं नाही, असं ठरलं होतं. मी आजीची कृती काढली. जुनी वर्तमानपत्रं फाडून रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुटून लगदा करायचा, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मळायच्या. मेथीने चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. आजी हा लगदा पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करायची आणि त्यांत वर्षाची कडधान्यं ठेवायची. आम्ही तो मुलांच्या प्लास्टिकच्या शंकूंवर थापला. नाकं झकास झाली. सभागृहात दोन दिवस मेथीचा असा घमघमाट होता, की सफाईला येणाऱ्या काकांनी कुठे काही सडलंय का म्हणून सगळी कपाटं उघडून पाहिली. ज्या मुलीने चेटकिणीचं नाक केलं, तिला नाटकातलं एकही वाक्य नव्हतं. पण तिला त्या दिवशीच्या नाटकाबद्दल कुणी विचारलं, तर ती नाकापासून सुरुवात करते.

लगद्यावरून आणखी थोडं, कारण गाव गप्प बसू देत नाही. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या उंब्रजला, मठात आहे. तो पाषाणाचा नाही, चुना, वाळू आणि ताग कालवून घडवलेला आहे. समर्थ चाफळहून उंब्रजला स्नानाला येत, एकदा पुरात ओढले गेले तेव्हा मारुतीने हात दिला, अशी कथा गावात सांगतात. लहानपणी मला पुरापेक्षा तागाचं नवल वाटायचं. पोत्याचा ताग तो देवाच्या अंगात? कुंभाराने बेंदराला आणलेले मातीचे बैल आम्ही पुजायचो, तेव्हाही हेच वाटे. सकाळपर्यंत आव्यातली माती असलेला बैल दुपारी पुरणपोळीचा मानकरी. याहून वेगळी जादू मला परीकथेतही सापडलेली नाही.

आता खास मुलांची पुस्तकं, पटापट.

जी. ए. कुलकर्णी म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण दचकतात, कॉलेजात वाचलेल्या काळोख्या कथा आठवतात. त्याच धारवाडच्या जी.एं.नी 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' लिहिली आहे. बिम्म हा छोटा मुलगा, त्याची बहीण बब्बी, आणि त्याच्याशी बरोबरीने बोलणारे पशुपक्षी. निजायच्या वेळी मोठ्याने वाचायला यासारखं मराठी नाही. या यादीतलं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्या. मुग्धाची गोष्ट वाचून झाली की रंगपेटी मात्र हाताशी असू द्या, नंतर शोधत बसावं लागतं.

भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे तुम्हीच सुचवलाय, पण त्यात जादू नाही, पळापळ आहे. त्यांनी 'ॲलिस' मराठीत आणली ती 'जाईची नवलकहाणी' पाहा. इथल्या मुलांनी ॲलिस शाळेत वाचलेली असते, त्यामुळे जाईला ती लगेच ओळखतात, आणि मराठी वाचताना अडखळली तरी गोष्ट सुटत नाही. ज्यांच्या मुलांचं मराठी बेताचं आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

'चांदोबा' आता छापून येत नाही. १९५२ पासून मराठीत निघणारं हे मासिक मद्रासहून यायचं, आणि शंकर यांनी काढलेल्या चित्रातला खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम ज्याने पाहिला, तो आजही अंधारा जिना जरा घाईने चढतो. जुने अंक कुणाकडे असतील तर मंडळाला द्या, निदान उसने द्या. 'किशोर' मात्र चालू आहे. बालभारतीने ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं आणि जुने अंकही आता संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत. दूरदेशीच्या माणसाला याहून मोठी दिवाळीची भेट नाही. त्यात गोष्टी आहेत, आणि करून पाहण्याजोगंही पुष्कळ आहे.

हातकामासाठी अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनिअर होशंगाबादच्या खेड्यांत गेला आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवू लागला. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेत मुलांसाठी कचऱ्यातून खेळणी करायचं केंद्र त्यांनी चालवलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. एकच अडचण, ती बारीक काळी व्हॉल्व्ह ट्यूब इथल्या दुकानांत मिळत नाही. तेव्हा गोडा मसाला आणि मेतकुटाच्या शेजारी पाच-सहा मीटर ट्यूबही सामानात टाका. वजन काही नाही. विमानतळावर कुणी विचारलंच तर 'भूमिती' म्हणून सांगा.

साडीच्या प्रश्नाचं उत्तर त्या आठ वर्षांच्या गृहस्थांना मी वर्गात दिलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मग आपल्याच एका सभासदांच्या परसात वेलावर राहून जून झालेला एक दुधी मिळाला. पहिलं हिव पडायच्या आधी काढलेला, तंबोऱ्याच्या भोपळ्याचाच धाकटा भाऊ म्हणायचा. तो आता आमच्या तळघरात भट्टीशेजारी सुतळीने टांगला आहे. साल तपकिरी होत चालली आहे, एका बाजूला बुरशी आली होती ती पुसून काढली. मुलगा दर रविवारी शाळा सुटली की येतो, कानाशी धरून हलवतो. पूर्ण वाळला की आतल्या बिया खुळखुळतात, असं मी त्याला सांगितलं आहे. काल आला होता. अजून वाजत नाहीत.