शेतीचे हितगुज : भूमीचा विसावा



वळिवाची सर कोसळली की उघड्या वावरातून तांबडे पाणी वाहू लागते. ते पाणी केवळ माती नेत नाही. आपल्या लेकरांच्या ताटातील घासही नेते. भूमीला हिरवे पांघरूण घालणे, हाच यावरचा साधा उपाय होय.

खानापूर-बेळगावकडील भातखाचरांत वळिवाच्या ओलीवर एकरी २० ते २५ किलो तागाचे बी फोकावे. पाणथळ वा खारट जमिनीत धैंचा बरा. मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून ठेवतात. ४५ ते ५० दिवसांनी, फुले येऊ लागताच, पीक नांगरून चिखलात गाडावे. उशीर झाल्यास खोड राठ होऊन लवकर कुजत नाही.

दावणीची गुरे उपाशी असता हिरवे रान गाडणे जिवावर येते, हे खरे. त्यासाठी बांधालगतच्या तुकड्यात चवळी व मका एकत्र पेरावा. मात्र चारा कापून नेला की जमिनीचा कसही दावणीला जातो. तो शेणखताच्या रूपाने परत केलाच पाहिजे.

लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावयास सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचे स्मरण करून दिले. अख्खे वर्ष आपणास परवडणार नाही. पण वर्षाकाठी दीड महिना देणे कोणाला जड आहे?