हात मोडला, भरपाई कोण देणार?

सायकल स्पर्धेत बघ्याच्या धक्क्याने एखादा पोरगा पडला, की आपल्याकडे गर्दीतून एकच वाक्य येतं : “जाऊ द्या ना भाऊ, त्यानं काई मुद्दाम केलं का?” जयंतीला, गणपतीत मंडळं स्पर्धा ठेवतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रस्ता नांदुऱ्याकडचा असो की जामोदकडचा, कठडे नसतात, दोरी नसते आणि मोबाइल उंच धरलेली माणसं थेट डांबरावर उतरलेली असतात. पोरगा पडतो, चार माणसं त्याला दवाखान्यात नेतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. असं ते मिटू नये, म्हणून आजचा हा स्तंभ.

या विषयावरचा जगात सर्वाधिक गाजलेला खटला फ्रान्समधला. 26 जून 2021 रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात, ब्रेस्टहून लँडर्नोकडे जाताना, एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक टीव्हीच्या कॅमेऱ्याला दाखवत रस्त्यात वाकली. तिची पाठ सायकलस्वारांकडे होती. सायकलपटू टोनी मार्टिन फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी स्वार एकमेकांवर कोसळले. त्यांतल्या मार्क सोलरचे दोन्ही हात मोडले. बाई तिथून निघून गेली आणि काही दिवसांनी स्वतःच पोलिसांत हजर झाली. आयोजकांनी तक्रार मागे घेतली, तरी खटला चालला. सरकारी पक्षाने चार महिन्यांची स्थगित कैद मागितली होती. डिसेंबरमध्ये ब्रेस्टच्या न्यायालयाने 1,200 युरो दंड केला आणि सायकलपटूंच्या संघटनेला 1 युरो प्रतीकात्मक भरपाई दिली. संघटनेने मागितलाच तेवढा होता. 1975 मध्ये याच शर्यतीत सायकलपटू एडी मर्क्सला चढावर एका प्रेक्षकाने पोटात ठोसा मारला होता. तेव्हाही भरपाई 1 फ्रँकच होती.

मोठ्या संघात करारावर असलेल्या खेळाडूला तो एक युरो पुरतो. त्याच्यामागे डॉक्टर असतो, विमा असतो, पगार असतो. आपल्या तालुक्यातल्या स्पर्धकाचा हात प्लास्टरमध्ये गेला, की कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एक कमावता हात बंद होतो. त्याला प्रतीक देऊन चालत नाही.

आपला कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 125 प्रमाणे, बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणं हा गुन्हा आहे. हाड मोडलं तर ती ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत. ‘मुद्दाम केलं का’ हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही. मुद्दाम केलं असेल तर कलमं वेगळी आणि कडक. एप्रिल 2025 मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूलच्या तोंडावर कोणीतरी बाटली भिरकावली, ती दुसऱ्या जातीची गोष्ट. प्रवेश अर्जावरची ‘अपघातास आयोजक जबाबदार नाहीत’ ही ओळसुद्धा बघ्याला वाचवत नाही. ती स्पर्धक आणि आयोजक यांच्यापुरती आहे.

खरी अडचण पैशाची आहे. सायकल हे मोटार वाहन नाही, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाचं दार बंद. दिवाणी दावा करायचा तर कोर्ट फी, वकील आणि वर्षं. फौजदारी खटल्यात दंड झाला, तर त्यातून भरपाई देता येते, पण दंडच 10,000 च्या वर जात नाही. एका ऑपरेशनला तो पुरत नाही.

वाट आहे, आणि ती फार कमी वापरली जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या कलम 395 च्या तिसऱ्या पोटकलमानुसार, शिक्षेत दंडाचा भाग नसेल, तर न्यायालय आरोपीला स्वतंत्रपणे भरपाई भरायला सांगू शकतं, आणि त्या रकमेला 10,000 ची मर्यादा नाही. दंड सरकारजमा करण्यापेक्षा दंड न लावता भरपाई लावणं पडलेल्या पोराच्या जास्त कामाचं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी प्रकरणात झालाच पाहिजे. कॅमेऱ्यासाठी वाकलेल्या माणसाला तुरुंगात घालावं, असं मला वाटत नाही. त्याने खर्च उचलावा, बुडालेली मजुरी द्यावी, हे मात्र मला ठामपणे वाटतं.

आयोजक मंडळांनीही गर्दीकडे बोट दाखवून सुटू नये. वळणावर दोरी आणि दोन कार्यकर्ते, स्पर्धकांचा सामूहिक अपघात विमा, पोलिसांची लेखी परवानगी, एवढं जमत नसेल तर बक्षिसाची रक्कम कमी ठेवा. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरसारखी आंतरराष्ट्रीय शर्यत महाराष्ट्रात झाली. ती पाहून गावोगावी आणखी पोरं सायकलवर बसतील, बसावीतच.

ज्याच्या घरात असा प्रसंग येईल त्याने त्याच दिवशी फिर्याद द्यावी आणि सरकारी दवाखान्यातून दुखापतीचा दाखला घ्यावा. ज्याच्या फोनवर चित्रीकरण आहे त्याला ते पुसू नको म्हणून सांगावं, आणि त्याचं नाव लिहून ठेवावं, कारण न्यायालयात त्या चित्रीकरणासोबत फोनवाल्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. औषधांची बिलं आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब सरकारी वकिलांकडे सुरुवातीलाच द्यावा, आणि कलम 395 खाली भरपाई मागा, असं त्यांना लेखी सांगावं.