करसवलतीचे गणित आणि जालन्यातील घरे

अर्थसंकल्प मांडला गेला की 'मध्यमवर्गाला दिलासा' हे शब्द ठरलेलेच असतात. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही, अशी घोषणा केली, तेव्हाही तेच झाले. हा दिलासा कोणाच्या पदरात किती पडतो, हे पाहण्यासाठी स्टील, बियाणे आणि मोसंबीसाठी ओळखला जाणारा जालना जिल्हा पुरेसा बोलका आहे.

वजावट आणि करसूट या भिन्न गोष्टी आहेत. वजावटीने करपात्र उत्पन्न घटते, तर करसुटीने प्रत्यक्ष कर. जुन्या प्रणालीचा भर वजावटींवर होता. विमा, भविष्यनिर्वाह निधी आदींतील दीड लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर ३० टक्के टप्प्यातील करदात्याचे ४५ हजार वाचत, २० टक्के टप्प्यातील करदात्याचे ३० हजार. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असणाऱ्याचे काहीच वाचत नसे, कारण त्याला मुळात करच नव्हता. ज्याची मिळकत अधिक, त्याला सवलतही अधिक, असा हा न्याय होता.

नव्या प्रणालीने चित्र पालटले. वर्षाला नऊ लाख वेतन असलेल्या जालन्यातील शिक्षकाने जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट आणि दीड लाखांची गुंतवणूक दाखवली, तरी त्याला उपकरासह ५४ हजार ६०० रुपये कर येतो. त्याखेरीज गृहकर्जाचे दोन लाखांचे व्याज भरले, तरच कर शून्यावर येतो. नव्या पद्धतीत एक रुपयाही न गुंतवता तो शून्यच आहे.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. मार्च उजाडताच पोस्टाच्या खिडकीकडे आणि विमा प्रतिनिधीकडे होणारी धावपळ करापोटी असली, तरी तिच्यातून घराची पुंजी उभी राहत असे. आता ती सक्ती उरलेली नाही. वाचलेला पैसा आरोग्य विम्यात आणि निवृत्तीच्या तरतुदीत गेला तरच दिलासा टिकाऊ ठरेल. वाहनाच्या हप्त्यात गेला तर तो वर्षभरापुरताच. शिवाय करसूट मिळाली म्हणून विवरणपत्रातून सुटका होत नाही. नव्या प्रणालीत चार लाखांवर उत्पन्न असल्यास ते भरावेच लागते.

जालन्यातील अनेक घरे मात्र या गणिताच्या बाहेरच आहेत. अंबड, घनसावंगीतील मोसंबी उत्पादकाचे शेती उत्पन्न आयकरमुक्तच आहे आणि रोलिंग मिलमधील सामान्य कामगाराचे वेतन कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. ज्याला करच नाही, त्याला करसवलत काय देणार? ही घरे कर भरतात तो दुकानात, वस्तू व सेवा कराच्या रूपाने. म्हणूनच २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर, तर अंगाचा साबण, केसांचे तेल व टूथपेस्टवरील कर १८ वरून पाच टक्क्यांवर आला, ही बाब त्यांच्यासाठी आयकराच्या घोषणेहून अधिक मोलाची होती, अर्थात दुकानदाराने ती कपात किमतीत उतरवली असेल तर.

सामान्य घराचा दिलासा आयकराच्या टप्प्यांवरूनच मोजण्याची सवय म्हणूनच अपुरी आहे. पगारदाराला वेतनाच्या पावतीत दिसणारी सवलत कामगाराला आणि शेतकऱ्याला किराण्याच्या बिलात दिसावी लागते.